फास्ट चार्जिंगची गन गाडीत अडकली तर काय करायचं?

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीहून पुण्याला येताना कराडच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात गाडी चार्जिंगला लावली होती. चहा अर्धा झाला असेल-नसेल, तेवढ्यात वळीव कोसळला आणि लाइट गेली. वीस मिनिटांनी लाइट आली, चार्जरचा स्क्रीन उजळला, पण गन (चार्जरच्या केबलच्या टोकाचा, गाडीत खोचायचा मोठा प्लग) काही केल्या गाडीतून निघेना. मी ओढली, बायकोने ओढली, शेजारच्या ट्रकवाल्याने मदत म्हणून टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, आणली (ती मात्र लावू दिली नाही, एवढी अक्कल शाबूत होती).

गन सुटायला एकूण पावणेदोन तास लागले. त्यात खरं काम दहा सेकंदांचं. बाकीचा सगळा वेळ मी भलत्या क्रमाने भलत्याच गोष्टी करण्यात घालवला. नवीन इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

हे सगळं सीसीएस२ गनसाठी आहे. वर गोल भाग आणि खाली दोन जाड पिना असलेली ती मोठी गन. भारतात सध्या विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक कारना फास्ट चार्जिंगसाठी हीच लागते. युरोपातही हीच असल्यामुळे तिकडे राहणाऱ्यांनाही हे चालेल. अमेरिकेतल्या सीसीएस१ गनला अंगठ्याने दाबायचा खटका असतो, तर जपानी पद्धतीच्या चाडेमो आणि चिनी पद्धतीच्या जीबी/टी गनमध्ये लॉक गनच्या बाजूला असतं. तिथली रीत वेगळी.

गन अडकते म्हणजे काय होतं

सीसीएस२ गनला स्वतःचं लॉक नसतं. गाडीच्या पोर्टमध्ये, म्हणजे गन खोचायच्या जागेत, एक छोटी मोटर असते. गन आत बसली की ती मोटर बोटाच्या पेराएवढी एक पिन वरून किंवा बाजूने सरकवते आणि ती गनच्या खाचेत जाऊन बसते. दाराची कडीच म्हणा ना. गन लावल्यावर जो ‘खट्’ आवाज येतो, तो या कडीचा.

ही कडी चोरीसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. तिचं मुख्य काम वेगळंच आहे. फास्ट चार्जिंगमध्ये डीसी करंट थेट बॅटरीत जातो. दाब ३००-४०० व्होल्टचा, काही नव्या गाड्यांत ८०० च्या आसपास, आणि करंट शंभर-दोनशे अँपिअर. घरचा एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे प्लग उपसला तरी ठिणगी उडून विझते. डीसी शून्यावर येतच नाही. चालू करंटात गन उपसली तर दोन धातूंमध्ये जाळ धरतो आणि तो विझता विझत नाही. म्हणून पिनांवर ६० व्होल्टच्या वर दाब असेपर्यंत गन सुटूच नये, अशी या चार्जरच्या मानकातच अट आहे.

म्हणजे गन सुटत नाही तेव्हा दोन शक्यता असतात. एक, कडी खरंच बिघडली आहे. दोन, कडी तिचं काम चोख करते आहे आणि आत अजून करंट आहे. दुसरी शक्यता पूर्ण निकालात निघेपर्यंत पहिलीकडे वळायचं नाही. पुढच्या पायऱ्यांचा क्रम यावरूनच ठरवला आहे.

आधीपासून गाडीत काय ठेवावं

- गाडीच्या मॅन्युअलची पीडीएफ, मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेली. घाटात रेंज नसते आणि नेमकी तिथेच ती लागते. त्यातलं ‘चार्जिंग गन आपत्कालीन सोडवणूक’ अशा अर्थाचं पान शोधून स्क्रीनशॉट काढून ठेवा.
- डोक्याला लावायची बॅटरी. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून काम करावं लागलं की ती का लागते ते कळतं.
- प्लास्टिकची चपटी पट्टी किंवा साधा चपटा स्क्रू-ड्रायव्हर, ट्रिमचं (गाडीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराचं) झाकण उचकटायला.
- रोडसाइड असिस्टन्सचा नंबर, पॉलिसी नंबर आणि गाडीचा चॅसिस नंबर एका कागदावर.
- रिमोटच्या पोटात लपलेली खरी किल्ली कशी काढायची, याची माहिती.

रबरी हातमोजे या यादीत मुद्दामच धरलेले नाहीत. भांडी घासायचे मोजे घातल्याने ४०० व्होल्टपासून संरक्षण मिळत नाही, नुसती हिंमत वाढते.

१. हात मागे घ्या आणि चार्जिंग खरंच थांबलंय का ते पाहा

तीन ठिकाणी पाहायचं: चार्जरचा स्क्रीन, गाडीचा डॅशबोर्ड आणि पोर्टजवळचा दिवा. स्क्रीनवर किलोवॉटचा आकडा शून्य हवा. डॅशबोर्डवर चार्जिंग चालू असल्याची खूण नको. चार्जरच्या पंख्याचा आवाज बराच वेळ चालू राहू शकतो, त्यावरून काही ठरवू नका.

जळका वास, वितळलेलं प्लास्टिक, धूर किंवा हात लावू नये इतकी तापलेली गन, यातलं एकही दिसलं तर इथून पुढचं काही वाचू नका. चार्जरवरचं लाल बटण हाताशी असेल तर दाबा, माणसं लांब न्या आणि ११२ ला फोन करा. गाडीत राहिलेली पर्स आणायलासुद्धा परत जायचं नाही.

२. चार्जिंगचं सेशन नीट बंद करा

ज्या मार्गाने चालू केलं त्याच मार्गाने बंद करायचं. ॲपवरून केलं असेल तर ॲपवरून, कार्ड लावून केलं असेल तर तेच कार्ड पुन्हा लावून. घरात दोघांकडे एकाच कंपनीची दोन कार्डं असली की हमखास घोळ होतो. दुसरं कार्ड चार्जर ओळखत नाही आणि आपण मशीनला शिव्या देत बसतो.

‘सेशन संपले’ असं दिसल्यावर मिनिटभर थांबा. या वेळात गाडी आणि चार्जर आपापले रिले (करंट जोडणारे-तोडणारे आतले स्विच) उघडतात, दाब उतरतो आणि मगच कडी मोकळी होते. रिले उघडताना गाडीतून बारीक ‘टक’ ऐकू येते.

लाइट गेल्यामुळे सेशन तुटलं असेल, तर लाइट आल्यावर चार्जर पुन्हा पूर्ण सुरू होऊ द्या. त्याला काही मिनिटं लागतात. ॲपमध्ये जुनं सेशन ‘चालू’ म्हणून लटकलेलं असू शकतं. ते तिथून बंद होत नसेल तर चार्जरवर लिहिलेल्या हेल्पलाइनला फोन करून त्यांच्याकडून बंद करून घ्या. फोनवर पहिला प्रश्न चार्जरच्या नंबराचा असतो. तो मशीनवरच्या स्टिकरवर सापडतो.

३. गाडी अनलॉक करा, दारं उघडी दिसत असली तरी

बहुतेक गाड्यांत गनची कडी गाडीच्या लॉकशी बांधलेली असते. रिमोटने एकदा लॉक, मग अनलॉक, असं दोन-तीनदा करा. काही गाड्यांत पोर्टशेजारी बटण असतं, काहींत स्क्रीनवर ‘गन सोडा’ असा पर्याय असतो.

इथे एक खोच आहे. अनलॉक केल्यावर कडी थोडाच वेळ मोकळी राहते. काही गाड्या अर्ध्या मिनिटात परत लॉक करतात. रिमोट दाबून, छत्री सावरून, गाडीला वळसा घालून गनपर्यंत पोचेस्तोवर कडी पुन्हा आत गेलेली असते. म्हणून एकाने रिमोट धरायचा आणि दुसऱ्याने आधीच गनपाशी उभं राहायचं. आमचा रिमोट बायकोच्या पर्समध्ये आणि पर्स हॉटेलात. पहिली पंधरा मिनिटं त्यातच गेली.

४. ओढू नका, आत रेटा

अडकलेल्या गनांपैकी पुष्कळशा इथेच सुटतात, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

फास्ट चार्जरची केबल जड असते. ती खाली लोंबकळते तेव्हा गनचं नाक वर उचललं जातं आणि खाचेत बसलेली पिन चिमटीत सापडल्यासारखी होते. मोटर बिचारी छोटी. ती पिन मागे खेचायचा प्रयत्न करते, जमलं नाही की सोडून देते. आपण घाबरून ओढतो, तसा तो चिमटा आणखी घट्ट होतो. जुन्या दाराची कडी निघत नसली की आई दार आधी आत ढकलून मग कडी काढते, तोच हा प्रकार.

हॉटेलचे वॉचमन काका हे रोज पाहत असणार. छत्रीखालून म्हणाले, “सायेब, वडू नका. आदी आत रेटा, वर उचला, मग वडा.”

क्रम असा:

केबलचं वजन दुसऱ्या कुणाला तरी धरायला द्या, किंवा गुडघ्यावर पेला. दोन्ही हातांनी गन पोर्टमध्ये सरळ आत दाबा. दाबूनच ठेवा. मूठ जराशी वर उचला, म्हणजे गन पोर्टच्या रेषेत येईल. आता रिमोटवाल्याला अनलॉक करायला सांगा. ‘खट्’ ऐकू आलं की सरळ मागे ओढा, डावी-उजवीकडे न हलवता. नाही सुटली तर मूठ जरा खाली घेऊन तेच पुन्हा करा. चार-पाच प्रयत्न करायला हरकत नाही.

कान पोर्टजवळ ठेवा. अनलॉक दाबल्यावर आतून ‘झिं…खट्’ असा आवाज येत असेल तर मोटर जिवंत आहे, पिन फक्त दाबली गेली आहे. हीच पायरी चिकाटीने करत राहा. काहीच आवाज नसेल तर मोटर गेली आहे किंवा तिला वीज मिळत नाही. माझ्या गाडीत सामसूम होती. काकांचा उपाय शंभर नंबरी होता, पण आजार निराळा निघाला.

५. लाल बटण

चार्जरवर मशरूमसारखं लाल बटण असतं. सेशन कुठूनच बंद होत नसेल तर ते दाबायचं. चार्जरची वीज तुटते. मग पायरी ३ आणि ४ पुन्हा.

काम झालं की ते बाणाच्या दिशेने फिरवून वर आणा. ते दाबलेलंच ठेवून निघून जाणाऱ्यांमुळे पुढच्याला ‘फॉल्ट’ दाखवणारा चार्जर मिळतो आणि तो तीस किलोमीटर पुढचा चार्जर शोधत बसतो. एकदा मीही असाच बसलोय.

६. गाडीला झोपू द्या, मग १२ व्होल्टची बॅटरी तपासा

सगळी दारं बंद, गाडी लॉक, रिमोट घेऊन लांब जा, दहा मिनिटं थांबा. गाडीचे कॉम्प्युटर झोपतात आणि परत आल्यावर नव्याने सुरू होतात. मोबाइल बंद-चालू करण्यासारखाच हा उपाय, आणि तितक्याच वेळा लागू पडतो.

तरीही गाडी निपचित असेल, आतले दिवे मंद असतील, रिमोटला प्रतिसाद नसेल, तर १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे. इलेक्ट्रिक गाडीतही ही छोटी बॅटरी असते आणि कडीची मोटर तिच्यावरच चालते. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली आणि छोटी रिकामी, असं होऊ शकतं. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जंप द्या, म्हणजे दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून वायर जोडून वीज द्या. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. नारिंगी म्हणजे मोठ्या दाबाची, हा रंग सगळ्या कंपन्यांत तोच.

७. आता कडी हाताने सोडवायची दोरी

आतापर्यंत एवढं नक्की झालेलं हवं: सेशन बंद, स्क्रीनवर शून्य, डॅशबोर्डवर चार्जिंगची खूण नाही, वास नाही, धूर नाही. यातल्या एकाबद्दलही शंका असेल तर दोरीला हात लावू नका. मोटर ज्या पिनेला विजेने सरकवते, तीच पिन ही दोरी हाताने सरकवते. आत करंट आहे की नाही हे दोरी विचारत नाही. कधीकधी गाडीतला रिले चिकटून बसतो आणि चार्जर बंद झाल्यावरही पिनांवर बॅटरीचा दाब राहतो. डॅशबोर्डवर चार्जिंग किंवा हाय व्होल्टेजबद्दल लाल इशारा दिसत असेल तर कंपनीच्या माणसाची वाट पाहायची, रात्र झाली तरी.

दोरी कुठे असते? पोर्ट जिथे, त्याच्या मागच्या बाजूला. पोर्ट मागच्या चाकाच्या वर असेल, जसा नेक्सॉन ईव्हीमध्ये असतो, तर डिकीत त्याच बाजूच्या ट्रिमच्या आड शोधा. पोर्ट नाकावर असेल, जसा झेडएस ईव्ही किंवा पंच ईव्हीमध्ये, तर बॉनेटखाली. एक्सयूव्ही४०० सारखा पुढच्या फेंडरवर असेल तरी आधी बॉनेट उघडून पाहा. दोरीच्या टोकाला बहुधा प्लास्टिकची मूठ, कडं किंवा गाठ असते. नक्की जागा मॅन्युअलमध्येच पाहा, मॉडेलच्या वर्षासकट. त्याच नावाच्या गाडीत दोन वर्षांनी जागा बदललेली असू शकते. आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये अशा दोरीचा उल्लेखच नसेल तर ट्रिम उचकटून शोधाशोध करू नका, असिस्टन्सला बोलवा.

बॉनेटखाली हात घालण्याआधी गाडी पूर्ण बंद करा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

माझ्या गाडीची दोरी डिकीत डाव्या कोपऱ्यात, एका चौकोनी झाकणामागे होती. आणि त्या झाकणापुढे हापूसच्या आठ पेट्या. भिजलेल्या फरशीवर एकेक पेटी उतरवली, तेवढ्यात दोन माणसांनी भाव विचारला. मित्राने फोनवर मॅन्युअलचं पान वाचून दाखवलं, झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं, आत तर्जनी घालून चाचपलं तर बुटाच्या लेसएवढी दोरी हाताला लागली, टोकाला छोटं कडं.

ओढायची कशी, ते नीट सांगतो. बायकोने गन दोन्ही हातांनी आत दाबून धरली, पायरी ४ सारखीच. मी कड्यात बोट अडकवून दोरी सरळ रेषेत, सावकाश ओढली. दोन-तीन सेंटिमीटर येते, मग थोडा विरोध, मग ‘खट्’. हिसका द्यायचा नाही. आतल्या टोकाची क्लिप प्लास्टिकची असते, ती तुटली की दोरी नुसतीच हातात येते आणि मग पोर्ट उघडण्याशिवाय मार्ग उरत नाही. ‘खट्’ झाल्यावर दोरी सोडू नका. ती ओढलेलीच धरून दुसऱ्याला म्हणा, आता काढ. काही गाड्यांत दोरी सोडताच पिन परत खाली येते.

एकटे असाल तर केबलला खालून बॅगेचा किंवा स्टुलाचा टेकू द्या, म्हणजे वजन निघेल. दोरी ओढा, सोडा, मग गन ओढून पाहा. पिन परत येणारी गाडी असेल तर मात्र दुसरा माणूस शोधावाच लागतो.

आणखी एक अडचण, मित्राने भोगलेली: १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर विजेवर उघडणारी डिकी उघडत नाही, आणि दोरी डिकीत! खऱ्या किल्लीने पुढचं दार उघडायचं, मागची सीट पाडायची आणि आतून रांगत जायचं. पंचावन्न वर्षांचा गृहस्थ आंब्याच्या पेटीसारखा डिकीत शिरला होता, त्याचा फोटो आहे माझ्याकडे.

जे करू नये, आणि लोक हटकून सुचवतात

टॉमी, पाना, हातोडी: पोर्ट फुटतो, आणि पोर्ट केबलसकट बदलायचा झाला तर खर्च मोठा.

पोर्टमध्ये तेलाचा फवारा मारू नका, गरम पाणी ओतू नका. पावसात काम करायला हरकत नाही, पण पायाखाली पाणी साचलं असेल किंवा गनचं आवरण फुटून धातू दिसत असेल तर थांबा.

गाडी पुढेमागे करून गन ‘सैल’ करायची कल्पनाही येईल. गन लावलेली असताना गाड्या सहसा गिअरमध्ये जातच नाहीत, आणि गेली तर नुकसान तुमचं.

दुसऱ्याच्या गाडीची गन, मालक जवळ नसताना, दोरी माहीत आहे म्हणून सोडवायला जाऊ नका.

८. गन सुटल्यावर

गन होल्डरला लावा, जमिनीवर टाकू नका. टॉर्चने गन आणि पोर्ट दोन्हीकडे पाहा: काळे डाग, वितळलेली कड, वाकलेली पिन. सगळ्यांचे फोटो काढा. चार्जरच्या नंबराचा, स्क्रीनवरच्या एररचा आणि ॲपमधल्या सेशन नंबराचा स्क्रीनशॉट घ्या. हेल्पलाइनकडून सेशन संपल्याची खात्री करा, नाहीतर उभं राहिल्याचे पैसे लागत राहतात. माझे जादा कापलेले पैसे या स्क्रीनशॉटमुळेच चार दिवसांनी वॉलेटमध्ये परत आले. राष्ट्रीय महामार्गावर अडकला असाल आणि गाडी हलतच नसेल तर १०३३ वर फोन करता येतो.

आता जी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती ती. कडी बिघडलेली असेल तर पुढच्या चार्जरवर फास्ट चार्जिंग बहुधा सुरूच होणार नाही, कारण ‘गन लॉक झाली’ असा निरोप गाडीकडून मिळाल्याशिवाय करंट सोडला जात नाही. म्हणून निघण्याआधी हिशेब करा: आहे त्या चार्जवर घर किंवा सर्व्हिस सेंटर गाठता येतंय का? लाइट गेली तेव्हा माझी बॅटरी ७८ टक्के होती आणि पुणे साधारण १६० किलोमीटर. खंबाटकीचा घाट धरूनही जमण्यासारखं होतं. एसी बंद, वेग सत्तर, खिडक्या अर्ध्या उघड्या, सीटवर दोन पेट्या आणि गाडीभर आंब्याचा वास. घरी पोचलो तेव्हा १४ टक्के उरले होते. सर्व्हिस सेंटरने कडीची मोटर बदलली, वॉरंटीत.

गाडी नवीन असेल तर येत्या रविवारी दिवसाउजेडी ही दोरी शोधून ठेवा. घरच्या चार्जरची गन लावा, भिंतीवरचा स्विच बंद ठेवा, आणि एकदा दोरी ओढून गन काढून पाहा. डिकीतला तो कोपरा सामान भरताना मोकळा सोडायचा.